हजेरीखोलीच्या भिंतीवरचा डाग

मधुकर, तुझ्या कारखान्याला आता साबणाचा वास येतो. भांडी घासायच्या, लिंबाच्या साबणाचा. तुझी तेरवी झाली, त्यानंतर चार दिवसांनी मी बेसा रोडवरच्या तुझ्या घरी गेलो, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तुझी अख्खी छोटी लाइन न्हाऊन बसलेली दिसली. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर तू अकरा वर्षं खपून उभं केलेलं, आणि उभं करण्यापेक्षा जास्त खपून मळवलेलं ते खेळण्याएवढं गाव. कापसाची जिनिंग मिल, कोळशाचा बंकर, आरागिरणी, पाण्याची टाकी, गुड्स शेड. सगळी घरं टॉवेलवर ओळीनं वाळत घातली होती. मिलच्या विटा सॉससारख्या लालभडक. छपराच्या पत्र्यांवरचा गंज गेला होता आणि डब्यातून निघालं तेव्हाचं राखाडी प्लास्टिक वर आलं होतं. मला किळस आली.

आणि हे कोणाला, तर मला. अडतीस वर्षं ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला. लोकांचे डाग काढून मी पोट भरलं, मुलीचं लग्न केलं. स्वच्छ गोष्टीची किळस यायची ही माझी पहिलीच वेळ.

मंगलावहिनी चहा घेऊन मागे उभ्या होत्या. "निघालं सगळं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतलं तसंच केलं मी."

मी सांगितलं तसंच. आधी मला उमजेना. मग फोन आठवला आणि मी कप न पिताच खाली ठेवला.

दोन दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता. लग्नसराई, काउंटरवर गर्दी, मी एका शेरवानीला नंबराची चिठ्ठी टाचत होतो. "भाऊजी, कात-तंबाखूचा जुना डाग प्लास्टिकवरून कशानं निघते जी?" मला वाटलं, बादली असेल, खुर्ची असेल. तेरवीनंतर घर धुवून काढतातच. मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं: कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. घासायचं नाही, थोपटायचं. नाहीच गेला तर लिंबू. वरून शहाणपणा म्हणून, "घाई नका करू, वहिनी, भिजू द्या." कशावरचा डाग, एवढं विचारलं नाही. रोज पन्नास बायांना विचारतो मी, कापड कोणतं, रंग पक्का की कच्चा. त्या दिवशी नाडी न पाहता औषध देऊन मोकळा झालो.

तर तुझ्या अकरा वर्षांच्या मेहनतीवर पाणी कोणी फिरवलं, हे तुला सांगायलाच हवं होतं. कोमट पाणी.

खरं म्हणजे किळस त्याच्या आधीच सुरू झाली होती, घाटावर. तुला सरणावर ठेवलं, अग्नी दिला, आणि दहा मिनिटांत तुझे ते चौकातले दोस्त शेडच्या मागे गेले. मला वाटलं, रडायला गेले. कसलं काय! खिशातून पन्न्या निघाल्या. एकानं तळहातावर ती पन्नी ठेवून अंगठ्यानं घोटायला सुरुवात केली, तो चर्रचर्र आवाज मला ज्वाळांच्या आवाजातही ऐकू येत होता. तंबाखू-सुपारीचा खर्रा! ज्यानं तुझा गाल खाल्ला, तोच तुझ्या चितेपाशी चौघांत वाटला गेला. मग त्यातलाच एक, तोंडातला ऐवज भिंतीवर रिकामा करून, शोकसभेला उभा राहिला आणि म्हणाला, "मधुभाऊ म्हंजे एकदम साफ माणूस." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल रेघ होती. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. मी खाली मान घालून हात जोडले, कारण तिथे सगळ्यांनी तेच केलं.

तू तरी कुठला साफ माणूस! तू घाणेरडा होतास, मधुकर, आणि तुला त्याचा अभिमान होता.

आठवतं, पहिलं किट आलं तेव्हा? छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालास, ती लाइनही बंद झाली, आणि तू घरात बिनकामाचा पाना होऊन पडलास. मग कुठून तरी परदेशी खेळण्यातल्या कारखान्याचा डबा मागवलास. बोटाच्या पेराएवढ्या माणसांच्या मापाचा. वर चित्र होतं बर्फात उभ्या असलेल्या फर्निचरच्या कारखान्याचं. तू चित्र फाडून फेकलंस. म्हणालास, "याची जिनिंग करतो." प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक खिडकी ब्लेडनं कापायची, कानशीनं कडा मारायच्या, काडीच्या टोकावर डिंक घेऊन भिंतीला भिंत लावायची. छपराचा उतार बदललास, धुराडं अर्धं केलंस, मागे कापसाच्या गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून ओटा बांधलास. महिन्याभरात मिल उभी राहिली आणि मी अगदी मनापासून म्हणालो, "वा! काय सुंदर आहे रे!"

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुझ्या आईला शिवी दिली. "सुंदर आहे म्हनूनच तं खोटी आहे. दिन्या, तू इथं बस. आता मळवू हिले."

आणि मी बसलो. दर रविवारी सकाळी, दुकान बंद असतं तेव्हा, आठवडाभर डाग काढणारा माणूस तुझ्या शेजारी स्टुलावर बसून डाग पाडायला शिकला. पातळ काळा रंग पाण्यासारखा विटांवरून सोडायचा, तो सांध्यांत बसला की वरचा फडक्यानं टिपायचा. ओल्या रंगावर मीठ भुरभुरायचं, त्यावर दुसरा रंग, वाळल्यावर अंगठ्यानं मीठ चोळून काढलं की पत्र्याला गंजाचे पापुद्रे. देवघरातल्या दिव्याची काजळी धुराड्याच्या तोंडाला. कोळशाच्या बंकरला खरा कोळसा, खलबत्त्यात कुटून. वहिनींनी तो खलबत्ता परत स्वयंपाकघरात घेतलाच नाही. रामटेकला गेलो होतो तेव्हा सगळे वर दर्शनाला आणि तू पायथ्याशी उकिडवा बसून कॅरीबॅगमध्ये लाल माती भरत होतास.

माझाही थोडा हात होता त्यात, तेवढं तू कबूल करायचास. खिडकीखाली पाण्याचा ओघळ तू भिंतीच्या मधोमध काढला होतास. मी म्हटलं, पाणी असं उतरत नाही. आधी चौकटीच्या कोपऱ्यात साचतं, मग तिथून सुटतं, खाली जाता जाता फिकट होतं, आणि कडेला गडद रेघ सोडतं. चहाचा डाग पाहा कोणत्याही शर्टावरचा. तू ब्रश माझ्या हातात दिलास. मी तीन ओघळ काढले, तू ते वाकून जवळून पाहिलेस. मग म्हणालास, "अबे, डाग काढाले अक्कल लागत नाही, साबन लागते. डाग पाडाले अक्कल लागते. तू जिंदगी उलटी घालवली." एवढी मोठी शाबासकी मला दुकानात कधी मिळाली नाही.

भांडण मात्र पहिल्या दिवसापासून एकच. मी म्हणायचो, आता यावर पातळ वॉर्निश मार, म्हणजे मळ पक्का होईल. हात लागला, पाणी लागलं, तरी जाणार नाही. तू ऐकायचा नाहीस. "वॉर्निश मारलं का मेलं समज. घान वाढली पाह्यजे. जिनिंग काय एका दिवसात मळते?" आणि दर दिवाळीनंतर, लोक घरं रंगवून मोकळे झाले की तू तुझ्या गावावर घाणीचा नवा हात द्यायचास. वॉर्निश मारलं असतं तर आज वहिनींच्या ब्रशनं काही निघालं नसतं. ह्या वादात मी बरोबर होतो, मधुकर. कधी नव्हे तो पूर्ण बरोबर होतो, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग ती हजेरीखोली. मिलच्या फाटकाला लागून असलेली, काडेपेटीहून थोडी मोठी. तुझे बाबा खऱ्या जिनिंगमध्ये अशाच खोलीत बसून मजुरांची हजेरी घ्यायचे. तू ती माझ्या साठीला भेट म्हणून घेऊन आलास. दारावर पाटी, खिडकीला गज, आत टेबल. टेबलावर रजिस्टर, त्याला रेघाही. मी चष्मा काढून, जवळ धरून पाहत होतो. डाव्या कोपऱ्यात, माणसाच्या छातीच्या उंचीवरून खाली, तांबडा-तपकिरी शिंतोडा होता. इतका खरा की मी विचारलं, रंग कोणता?

तू हसलास. दात दाखवून, ते तसले दात. "रंग नाही. इथं ओळ वळते ना. ओळीत उभा मानूस थुंकते. रंग लावून पाह्यला, खोटा दिसे. मंग मीच थुंकलो, दातकोरन्यानं लावलं."

मी ती खोली टेबलावर टाकली. टाकली, ठेवली नाही. साबणानं दोनदा हात धुतले आणि तुला नाही नाही ते बोललो. की तू जनावर आहेस, की ही सवय तुला खाईल, की हे उचल आणि चालता हो. तू गेलास, पण ती उचलली नाहीस. मी ती दोन बोटांत धरून पिशवीत घातली आणि दुकानाच्या माळ्यावर फेकली. तू तर त्याहून वरचढ. पुढच्या रविवारी आलो तर मिलच्या कोपऱ्याला, बंकरच्या पायाला, गुड्स शेडच्या खांबाला, जिथे तिथे तोच शिंतोडा. सगळा तुझ्या तोंडचा. मी तुझ्या गावाला हात लावणं सोडलं. लांबूनच बोट दाखवायचो, आणि तू माझी मजा पाहायचास.

वर्षभरातच तुझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला.

पुढचं मला लिहायचं नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगण्यापेक्षा तुला सांगितलेलं बरं. तुला माहीतच आहे. ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, वर्षभर बरं वाटलं, आणि ते परत आलं. शेवटच्या दोन महिन्यांत गालाला बाहेरून भोक पडलं. तुझी खाट मागच्या खोलीत, गावाशेजारी हलवली होती. त्या खोलीतला वास... मधुकर, मी शेणातले, रक्तातले, उलटीतले कपडे हाताळलेला माणूस आहे. मला वाटायचं, माझं नाक मेलेलं आहे. नव्हतं. पहिल्या दिवशी मी तुझ्या खाटेशी बसलो आणि माझा हात आपोआप खिशात गेला, रुमाल आपोआप नाकाशी आला. क्षणभरच. मी लगेच काढला, सर्दीचं काहीतरी बडबडलो. तुला बोलता येतच नव्हतं. तू हळूहळू कुशीवर झालास आणि भिंतीकडे तोंड केलंस.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आलो, तू भिंतीकडेच तोंड करून असायचास. मी दाराजवळच्या खुर्चीत बसायचो आणि तुझ्या पाठीशी बोलायचो. दुकानाचं, मॅचचं, ऊन किती वाढलं त्याचं. शेवटचे सतरा दिवस आलोच नाही. वहिनींना फोनवर सांगितलं, लग्नसराई आहे. होतीही लग्नसराई. पण मी आलो नाही, तो त्यामुळे नव्हे. मला किळस यायची. तुझी. पन्नास वर्षांच्या मित्राची. आणि घाटावर मी त्या खर्रावाल्यांवर दात खात होतो!

तर त्या दिवशी टॉवेलवर वाळणारी ती मिल पाहून मी वहिनींवर ओरडलो. होय, ओरडलो. ज्या घरात तू गेल्यापासून कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं, तिथं. "वहिनी, हे काय केलं तुम्ही? धूळ नव्हती ती! त्यानं एकेक डाग हातानं पाडला होता. अकरा वर्षं! तुम्हाला एवढंही समजू नये?"

त्यांनी माझा थंड झालेला चहा उचलला, खिडकीत ठेवला, आणि खाटेवर बसल्या. तुझ्या खाटेवर, आता गादी नव्हती.

"भाऊजी, तुमाले वाटते मले समजलं नाही? मी काय आंधळी आहे? कोन्या भिंतीवर काजळी आहे अन् कोन्या भिंतीवर त्यायच्या तोंडचं, मले सगळं माहीत होतं. चाळीस वर्षं मी तेच धुतलं. शर्टाचा खिसा धुतला, उशीचे अभ्रे धुतले, बेसिन, खिडकीची जाळी, स्कूटरची बाजू. शेवटी शेवटी तं त्यायचा गाल धुतला, दिवसातून चार खेपा, मिठाच्या पान्यानं. तेवढंच राह्यलं होतं घरात. ते बी धुतलं."

मी बंकरच्या पायाकडे पाहिलं, तिथलाही शिंतोडा गेला होता.

"काजळी अन् माती बी गेली त्याच्यासंगं, त्याचं वाईट वाटते," त्या म्हणाल्या. "पन वेगळं करता येत नव्हतं." मग माझ्याकडे न पाहता, अगदी साध्या आवाजात, "तुमी तं दारातच बसत होते. तुमाले काय माहीत."

त्यात राग नव्हता.

मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. "एक तुमच्याकडं आहे ना? हजेरीखोली. त्यायनं सांगतलं होतं मले. ते बी आना."

आठ दिवस मी ती नेली नाही. वाटलं, तीही धुवायची असेल त्यांना, आणि त्यांचा हक्क होता. माळ्यावरून पिशवी काढली, खोली माझ्या डाग काढायच्या टेबलावर, दिव्याखाली ठेवली. शिंतोडा काळपट पडला होता. मला अजूनही तशीच शिसारी आली, खोटं कशाला सांगू. हा डाग मी पाच मिनिटांत काढला असता, विटेचा रंग न दुखावता. शहरात माझ्याइतक्या सफाईनं तो कोणी काढला नसता. हातात ब्रश घेतला, परत ठेवला. काल रविवार होता. पिशवी हँडलला अडकवून तुझ्याकडे आलो.

वहिनींनी ती खोली पिशवीतून उघड्या हातानं काढली. मी आणताना काठाला धरून आणली होती. त्यांनी चष्मा लावला, पाटी वाचली, आतलं रजिस्टर पाहिलं. मग कोपऱ्याशी अंगठा नेला आणि त्या डागावर ठेवला.

"त्यायचंच?"

"हो."

बराच वेळ अंगठा तिथेच होता. मी मनात तयारी केली होती, त्या म्हणतील, कशानं निघते जी?

"हे नाही धूत," त्या म्हणाल्या. "एक राहू द्या. पन मले समोर नोको." आणि त्यांनी हजेरीखोली त्या लालभडक मिलच्या फाटकाशी, जिथे तिची जागा होती तिथे ठेवली, डागाची बाजू भिंतीकडे करून. मग कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

मी स्टुलावर बसलो. माझ्याच स्टुलावर, अकरा वर्षांच्या रविवारांच्या. समोर तुझं धुतलेलं गाव, खरं म्हणजे परत सुरुवातीपासून मळवायला लागेल असं, आणि त्यात ती एकटी खोली भिंतीकडे तोंड करून. मला ते तसं पडणं ओळखीचं होतं. मी सतरा दिवस त्यापासून पळालो होतो.

उठलो. दोन बोटांनी नाही, अख्ख्या पंजात ती खोली धरली आणि फिरवली. कोपरा माझ्याकडे आला. निघताना परत भिंतीकडे करून ठेवीन, वहिनींना दिसणार नाही. पण मी आहे तोवर नाही. स्टूल जवळ ओढलं, इतकं की गुडघे प्लायला लागले. रुमाल खिशात होता, खिशातच राहिला.

"घान आहे बे," मी म्हणालो. "पन पाहून राह्यलो."